पैनगंगेच्या अलीकडे

सकाळी 6. किनवटला असलो की फिरणं पैनगंगेच्या काठानंच. पलीकडे यवतमाळ जिल्हा, म्हणजे वऱ्हाड. निजामाचे दिवाण पहिले सालारजंग, मीर तुराब अली खान, यांचं चरित्र लिहायला घेतल्यापासून तो काठ नुसता बघवत नाही. मे 1853 मध्ये निजामाला वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती द्यावा लागला. त्याच महिन्यात सालारजंग दिवाण झाले. वय अवघं 24.

8 वाजता लिहायला बसतो. दरबार कर्जात बुडालेला, फौजेचा पगार थकलेला, सारावसुली मक्तेदारांच्या हातात. सालारजंगांनी मक्ते मोडत आणले, 1865 मध्ये जिल्हाबंदी, म्हणजे राज्याची जिल्ह्यांत विभागणी, केली, पगारी तालुकदार नेमले. रयतेच्या दृष्टीनं त्यांचं सगळ्यात मोठं काम मी हेच मानतो.

11. एक शेतकरी कॅरीबॅगमधून जुना कागद घेऊन येतो. घडीवर विरलेला, उर्दू, खाली शिक्का. ‘गुरुजी, आज्याचं नाव हाय का बघा बरं.’ मी साल वाचतो, 1335 फसली, निजामाचं महसुली साल. त्यात 590 मिळवले की इसवी सन 1925. शिक्क्यात ‘तालुकदार’ हा शब्द अजून स्पष्ट आहे. आजोबांचं नाव तिसऱ्या ओळीत सापडतं. तो त्यावर हलकेच बोट ठेवतो, बराच वेळ काढत नाही.

दुपारी 3. आज 1857 चं प्रकरण. 17 जुलैला बंडखोर तुर्रेबाज खानाच्या लोकांनी हैदराबादच्या इंग्रज रेसिडेन्सीवर चाल केली. दिवाण इंग्रजांच्या बाजूला उभे राहिले. राज्य वाचलं खरं, पण त्या दिवसाचं समर्थन माझ्या हातून लिहून होत नाही. 1860 मध्ये बक्षिसादाखल नळदुर्ग आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड नाही.

संध्याकाळी 6, परत काठावर. तीन निजामांची चाकरी, 1876 ची विलायतवारी, अर्जावर अर्ज. वऱ्हाडचा हेका दिवाणांनी सोडला नाही. 8 फेब्रुवारी 1883 रोजी पटकीनं गेले.

रात्री 9. शेवटचं टिपण: किनवट तालुका आधी आदिलाबाद जिल्ह्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी तो नांदेडला जोडला गेला आणि पैनगंगेचे दोन्ही काठ एका राज्यात आले.