पराभवाची सवय मोडताना
कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा कायापालट आणि त्यामागचे प्रशिक्षणशास्त्र

अमेरिकेत ‘फुटबॉल’ या शब्दाने ओळखला जाणारा खेळ आपल्याकडील फुटबॉलपेक्षा अगदी निराळा. चेंडू लांबट, अंगावर चिलखतासारखा पेहराव आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चाललेली अकरा जणांची झटापट. व्यावसायिक साखळीइतकेच, किंबहुना काही राज्यांत तिच्याहूनही अधिक वेड या खेळाच्या महाविद्यालयीन स्पर्धांचे असते. शनिवारच्या सामन्यासाठी गावेच्या गावे ओस पडतात. विद्यापीठाची प्रतिष्ठा, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या, इतकेच काय पण प्रवेशासाठी येणाऱ्या अर्जांची संख्याही संघाच्या कामगिरीशी जोडली जाते. अशा व्यवस्थेत जो संघ वर्षानुवर्षे हरतच राहतो, त्याचे काय होते आणि तो सावरायचा कसा? या प्रश्नाचे सर्वाधिक अभ्यासले गेलेले उत्तर कॅन्सस राज्यातील मॅनहॅटन या छोट्या शहरात सापडते.

नामुष्कीची परंपरा

कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या संघाने १९८९ चा हंगाम सुरू होण्यापूर्वी ५०० हून अधिक सामने गमावले होते. पहिल्या श्रेणीतील कोणत्याही विद्यापीठाच्या नावावर तोवर इतके पराभव नव्हते. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅन्सस विद्यापीठाविरुद्ध मिळालेल्या विजयानंतर जवळपास तीन वर्षे संघाला एकही सामना जिंकता आला नाही. सलग २७ सामन्यांत २६ पराभव आणि एक बरोबरी! १९८७ मधील ती बरोबरीही त्याच शेजारी विद्यापीठाशी झालेली. मानाचे जेतेपद म्हणावे तर ते १९३४ चे, आणि हंगामाअखेरच्या ‘बोल’ सामन्याचे निमंत्रण आले होते ते केवळ एकदा, १९८२ मध्ये. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या ख्यातनाम साप्ताहिकाने १९८९ मध्ये तर या संघाची संभावना ‘निष्फळतेचे विद्यापीठ’ अशीच केली.

प्रश्न केवळ चेष्टेचा नव्हता. नेब्रास्का आणि ओक्लाहोमा यांसारख्या बलाढ्य संघांबरोबर हा संघ ‘बिग एट’ या गटात खेळत असे. हे स्थान टिकणार का, की फुटबॉलच गुंडाळावा लागणार, अशी चर्चा उघडपणे सुरू होती. गट सुटला तर त्यातून मिळणारा पैसाही सुटणार आणि त्याची झळ फुटबॉलपुरती न राहता विद्यापीठाच्या इतर खेळांना बसणार, हे कोणालाही दिसत होते. १९८६ मध्ये अध्यक्षपदी आलेल्या जॉन वेफाल्ड यांच्यासमोर विद्यार्थिसंख्येच्या घसरणीचेही संकट होते. फुटबॉल सुधारल्याशिवाय विद्यापीठाची प्रतिमा सुधारणार नाही, या निष्कर्षाप्रत ते आले होते.

नोव्हेंबर १९८८ मध्ये संघाची धुरा बिल स्नायडर यांच्याकडे सोपविण्यात आली. तेव्हा ते ४९ वर्षांचे होते. आयोवा विद्यापीठात हेडन फ्राय यांच्या हाताखाली आक्रमणाची आखणी करणारे, फारसे न बोलणारे सहायक, एवढीच त्यांची ओळख. महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वांत मोठ्या परिवर्तनाची संधी येथेच आहे, असे त्यांनी पहिल्याच पत्रकार परिषदेत सांगितले. त्या वेळी त्यावर विश्वास ठेवणारे थोडेच होते.

जिंकण्याआधी सुधारण्याचे ध्येय

खचलेल्या संघापुढे नवा प्रशिक्षक सहसा दोन मार्गांनी जातो. एक तर तो जेतेपदाच्या घोषणा करतो किंवा जुन्या खेळाडूंना दोष देऊन ‘माझी माणसे येऊ द्या’ म्हणतो. स्नायडर यांनी दोन्ही टाळले. त्यांच्या सांगण्याचा गाभा एकच होता, तो म्हणजे आज कालच्यापेक्षा किंचित बरे व्हायचे. गुणफलक खेळाडूच्या हाती नसतो. पण पावलांची ठेवण, बैठकीला वेळेवर येणे, व्यायामशाळेतील शेवटची उचल आणि वर्गातील हजेरी या गोष्टी त्याच्या हाती असतात. जे हाती आहे त्याचेच मोजमाप घ्यायचे, असा हा दंडक होता.

याच विचारातून संघाची सोळा उद्दिष्टे आकाराला आली. बांधिलकी, निःस्वार्थीपणा, एकजूट, सुधारणा, कणखरपणा, स्वयंशिस्त, पराकाष्ठेचा प्रयत्न, उत्साह, चुकांचे निर्मूलन, हार न मानणे, पराभव अंगवळणी पडू न देणे, स्वतःला मर्यादा न घालणे, विजयाची अपेक्षा बाळगणे, सातत्य, नेतृत्व आणि जबाबदारी. वरवर पाहता ही शाळेच्या भिंतीवरील सुविचारांची यादी वाटेल. तिच्यात गुणांचा, क्रमवारीचा किंवा चषकाचा उल्लेख कोठेही नाही, हे मात्र ध्यानात घेण्याजोगे आहे. शिवाय ‘पराभव अंगवळणी पडू न देणे’ हे कलम याच संघासाठी होते, हेही उघड आहे. सतत हरणाऱ्या संघाला हरण्याचे दुःख होईनासे होते. सामना हातचा जाऊ लागला की खेळाडू आधीच मनातून मैदान सोडतात. या सवयीवरच घाव घालणे आवश्यक होते.

जुन्या खुणा पुसण्याचाही प्रयत्न झाला. विद्यापीठातील कला विभागाचे टॉम बुकवॉल्टर यांनी रेखाटलेले रानमांजराच्या मुद्रेचे नवे बोधचिन्ह १९८९ पासून शिरस्त्राणांवर झळकले. नव्या संघाचा जुन्या पराभवांशी संबंध नाही, हे त्यातून दृश्य स्वरूपात सांगितले गेले.

पहिला विजय ३० सप्टेंबर १९८९ रोजी आला. नॉर्थ टेक्सासविरुद्ध अखेरच्या क्षणी झालेल्या टचडाउनमुळे संघ २०-१७ असा जिंकला. त्या हंगामात तोच एकमेव विजय; उरलेले दहाही सामने संघ हरला. पण पुढच्या वर्षी पाच, त्यापुढे सात आणि १९९३ मध्ये नऊ विजय मिळाले. १९९२ मध्ये संघ पुन्हा पाच विजयांवर घसरला होता, तरीही विद्यापीठाने प्रशिक्षकाला हात लावला नाही, हे येथे विसरता येणार नाही.

उणिवेतून घडलेली रणनीती

संस्कृतीच्या गप्पा मैदानावर एकट्याने पुरत नाहीत. कॅन्सस राज्याची लोकसंख्या त्या काळी जेमतेम २५ लाख. टेक्सास किंवा फ्लोरिडाप्रमाणे शालेय स्तरावर गुणी खेळाडूंची रेलचेल नाही. नामवंत विद्यापीठे ज्यांच्या मागे लागत, ते खेळाडू मॅनहॅटनकडे फिरकत नसत. यावर स्नायडर यांनी तीन उपाय योजले.

पहिला उपाय दोन वर्षांच्या कनिष्ठ महाविद्यालयांचा. कॅन्ससमधील अशा महाविद्यालयांत फुटबॉलची परंपरा जुनी आहे. शालेय गुणांत कमी पडलेले वा उशिरा बहरलेले खेळाडू तेथे असतात. ते वयाने व शरीराने तयार असल्याने लगेच उपयोगी पडतात. १९९८ चा हंगाम गाजविणारा क्वार्टरबॅक मायकेल बिशप हा टेक्सासमधील अशाच महाविद्यालयातून आला होता. दुसरा उपाय शिष्यवृत्तीविना संघात येणाऱ्या गावाकडच्या मुलांचा. पुढे व्यावसायिक साखळीत नाव कमावणारा जॉर्डी नेल्सन असाच दाखल झाला होता. तिसरा उपाय ‘रेडशर्ट’ या नियमाचा. खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात. त्यामुळे पहिले वर्ष त्याला बाहेर बसवून केवळ सरावात घडविता येते. हरणाऱ्या संघाचा प्रशिक्षक घाईपोटी कोवळ्या मुलांना मैदानात ढकलतो आणि ती मोडतात. हे टाळायचे तर संयम हवा.

खेळाच्या आखणीतही साधे गणित होते. धावण्याच्या डावात क्वार्टरबॅक सहसा चेंडू दुसऱ्याच्या हाती देऊन बाजूला होतो. म्हणजे आक्रमणाचे दहा जण बचावाच्या अकरा जणांशी झुंजतात. स्नायडर यांनी क्वार्टरबॅकलाच चेंडू घेऊन धावायला लावले. परिणामी धावपटू म्हणून मोकळा झालेला खेळाडू वाट करून देण्यास मिळाला आणि संख्याबळ बरोबरीचे झाले. अंगभूत गुणवत्तेत कमी असलेल्या संघासाठी हा हिशेब फार मोलाचा ठरला. याच्या जोडीला दंडात्मक चुका कमीत कमी ठेवणे आणि चेंडू परतविण्याच्या डावांवर विशेष मेहनत घेणे, ही या संघाची ओळख बनली. प्रतिभा विकत आणता येत नसली तरी चुका कमी करण्यास पैसे पडत नाहीत.

सहायकांची निवड हा आणखी एक भक्कम आधार होता. बॉब स्टूप्स, मार्क मँगिनो, जिम लेव्हिट, ब्रेंट व्हेनेबल्स हे सारे मॅनहॅटनमध्ये घडले आणि पुढे स्वतंत्रपणे मुख्य प्रशिक्षक झाले. यांपैकी स्टूप्स यांनी ओक्लाहोमाला २००० चे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले.

शिखर आणि सल

१९९३ ते २००३ अशी सलग अकरा वर्षे या संघाला ‘बोल’ सामन्याचे निमंत्रण मिळाले. १९९७ ते २००० या चारही हंगामांत संघाने प्रत्येकी अकरा सामने जिंकले. १९९८ मध्ये तर तीस वर्षांनंतर नेब्रास्काला नमवून संघ नियमित हंगामात अपराजित राहिला आणि प्रशिक्षकांच्या क्रमवारीत अव्वल स्थानी पोहोचला. मात्र ‘बिग ट्वेल्व्ह’च्या अंतिम सामन्यात अखेरच्या सत्रात १५ गुणांची आघाडी असूनही टेक्सास ए अँड एम संघाने दुसऱ्या जादा डावात ३६-३३ अशी बाजी उलटविली. त्यानंतर मोठ्या ‘बोल’ सामन्यांच्या आयोजकांनीही या संघाकडे पाठ फिरविली. गटाच्या जेतेपदासाठी २००३ उजाडावे लागले. तेव्हा स्टूप्स यांच्या अपराजित ओक्लाहोमाला ३५-७ असे धूळ चारून संघाने १९३४ नंतर, म्हणजे ६९ वर्षांनी ते पटकावले.

या यशावर आक्षेपही घेतले गेले. गटाबाहेरील सामन्यांसाठी स्नायडर जाणीवपूर्वक दुबळे प्रतिस्पर्धी निवडतात, ही टीका वर्षानुवर्षे झाली. ती खोटी नव्हती. खचलेल्या संघाला जिंकण्याचा अनुभव मिळावा, हा त्यामागचा हेतू असला तरी संघ बलवान झाल्यावरही ते धोरण कायम राहिले. १९९८ मध्ये मोठ्या सामन्यांसाठी डावलले जाण्यामागे हेही कारण सांगितले गेले.

व्यक्ती की व्यवस्था?

संस्कृतीची खरी कसोटी ती रुजविणारा माणूस निघून गेल्यावर लागते. २००४ व २००५ हे हंगाम निराशाजनक गेल्यावर स्नायडर निवृत्त झाले. मैदानाला त्यांच्या कुटुंबाचे नाव देण्यात आले. त्यांचे वारसदार रॉन प्रिन्स यांच्या तीन हंगामांत संघाने १७ विजय आणि २० पराभव पाहिले. अखेर नोव्हेंबर २००८ मध्ये ६९ वर्षांच्या स्नायडर यांनाच परत बोलाविण्यात आले. २०१२ मध्ये त्यांनी गटाचे जेतेपद पुन्हा मिळविले आणि काही दिवस संघ राष्ट्रीय क्रमवारीत पहिला होता. २०१५ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला, तेव्हा ते अद्याप प्रशिक्षकपदी कार्यरत होते. २०१८ च्या हंगामानंतर ते कायमचे निवृत्त झाले. कारकिर्दीत २१५ विजय, ११७ पराभव आणि एक बरोबरी.

एकाच व्यक्तीभोवती उभारलेल्या शिस्तीची काळी बाजूही २०१७ मध्ये दिसली. संघ सोडू इच्छिणाऱ्या एका खेळाडूने ३५ विद्यापीठांची नावे सुचविली. त्या सर्वांना नकार देण्यात आला. खेळाडूची अडवणूक होत असल्याची ओरड झाल्यावर निर्णय मागे घ्यावा लागला. त्या वादात खेळाडूच्या खासगी बाबींविषयी जाहीर वाच्यता केल्याबद्दल स्नायडर यांनी माफी मागितली. हेच स्नायडर प्रतिस्पर्धी संघातील जखमी खेळाडूंना जांभळ्या शाईत स्वहस्ते धीराची पत्रे लिहीत, हेही तितकेच खरे. निष्ठेचा आग्रह कोठे संपतो आणि सक्ती कोठे सुरू होते, ही रेषा त्यांच्यासारख्या अनुभवी प्रशिक्षकालाही नेहमी सांभाळता आली नाही.

दुसऱ्या निवृत्तीनंतर मात्र चित्र वेगळे राहिले. नॉर्थ डकोटा स्टेटहून आलेल्या ख्रिस क्लीमन यांनी २०२२ मध्ये टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाला ३१-२८ असे हरवून गटाचे जेतेपद मिळविले. पहिल्या खेपेस न साधलेले हस्तांतर दुसऱ्या खेपेस साधले, असे म्हणता येईल.

दरम्यान नियमही बदलले. २०२१ पासून खेळाडूंना पूर्वीसारखे एक वर्ष बाहेर न बसता दुसऱ्या विद्यापीठात जाता येऊ लागले आणि २०२५ मध्ये विद्यापीठांना आपल्या उत्पन्नातील वाटा थेट खेळाडूंना देण्याची मुभा मिळाली. दुबळा संघ आता एका उन्हाळ्यात निम्मा बदलता येतो. तसेच तयार झालेला खेळाडू एका हिवाळ्यात निघूनही जातो. पाच वर्षे एका मुलाला घडविण्याचा स्नायडर यांचा हिशेब या बाजारात महाग पडेल. मात्र विजयाची वाट पाहताना एका प्रशिक्षकाला विद्यापीठाने पाच हंगाम दिले होते आणि त्यांतल्या पहिल्या हंगामात हाती पडला होता अवघा एक विजय. असा धीर धरणारे विद्यापीठ आज किती सापडतील, हा प्रश्न नव्या नियमांनीही सुटलेला नाही.