झोपेच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी

झोपेच्या विकारांचे निदान अवघड होते, कारण ज्या अवस्थेविषयी तक्रार असते तिचा साक्षीदार रुग्ण स्वतः नसतो आणि नुसत्या आठवणीवर सांगितलेल्या हकिगतीवर शेवटच्या एक-दोन वाईट रात्रींचीच छाया असते. म्हणून भेटीपूर्वी दोन आठवडे झोपेची नोंदवही ठेवावी. अंथरुणावर पडल्याची वेळ, झोप लागल्याची अंदाजे वेळ, मध्येच आलेली जाग, उठण्याची वेळ, दुपारची वामकुक्षी आणि संध्याकाळनंतरचा चहा एवढे रोज सकाळी लिहावे. रात्री घड्याळ पाहू नये, कारण त्या हिशेबानेच उरलीसुरली झोप उडते. संधी असूनही झोप न लागणे किंवा न टिकणे म्हणजे निद्रानाश. तो आठवड्यातून किमान 3 रात्री याप्रमाणे 3 महिने टिकल्यास दीर्घकालीन मानला जातो आणि त्यावर गोळ्यांआधी विचार व सवयी बदलणारी वर्तनोपचार पद्धती सुचवली जाते.

नोंदवहीत न येणारी गोष्ट शेजारी झोपणाऱ्यालाच ठाऊक असते. घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण हा समज घातक आहे. घोरता घोरता श्वास थांबून, गुदमरल्यासारखा आवाज होऊन तो पुन्हा सुरू होत असेल, तर ती स्लीप ॲप्नियाची खूण असू शकते. या विकारात घशाचे स्नायू सैलावून श्वासमार्ग मिटतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू क्षणभर जागा होतो, तरी सकाळी रुग्णाला त्यातले काहीच आठवत नाही. म्हणून जोडीदाराने सोबत यावे किंवा निदान मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून द्यावा. स्त्रियांमध्ये हाच विकार पुष्कळदा केवळ थकवा आणि अपुरी झोप या रूपात दिसतो, त्यामुळे त्यांची तक्रार घरकामाच्या शिणावर ढकलू नये.

चालू असलेली सर्व औषधे, काढे, चूर्णे आणि परस्पर घेतलेल्या झोपेच्या गोळ्याही वेळेसह लिहून न्याव्यात, मात्र त्या सल्ल्याविना एकाएकी थांबवू नयेत.

दिवसाच्या पेंगेसाठी मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी 1991 मध्ये मांडलेली एपवर्थ मोजपट्टी वापरतात. आठ प्रसंगांत डुलकी लागण्याच्या शक्यतेला 0 ते 3 गुण द्यायचे असतात आणि बेरीज 10 च्या वर गेल्यास पेंग अधिक मानली जाते. वाहन चालवताना डोळा लागत असल्यास ते डॉक्टरांना सर्वांत आधी सांगावे आणि तपासणीला जाताना स्वतः गाडी चालवू नये.