सॅसनॅक म्हणजे परकी

धारवाडला नोकरी लागल्यापासून माझे रोजचे साडेतीन-चार तास बसमध्ये जातात. चालत्या बसमध्ये वाचलं की मला मळमळतं, म्हणून मी पुस्तकं ऐकायला लागले. गेल्या पावसाळ्यात एका मैत्रिणीने सांगितलं, "आउटलँडर ऐक." डायना गॅबल्डन या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी १९९१ साली आली. डेव्हिना पोर्टर यांच्या आवाजात ती पूर्ण ऐकायला तीस तासांहून जास्त वेळ लागतो. प्रेमकथेला एवढे तास कशाला, असं मला वाटलं होतं. पण आठवडाभरात अशी गत झाली की उतरायचा स्टॉप आला तरी कानातला इयरफोन काढवेना.

क्लेअर ही इंग्लिश नर्स दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ मध्ये, नवऱ्याबरोबर स्कॉटलंडला फिरायला येते. तिथल्या एका जुन्या शिळावर्तुळातून ती थेट १७४३ सालात जाऊन पडते. आजूबाजूला गेलिक बोलणारे हायलँडर आणि त्यांच्यावर डोळा ठेवून असलेलं इंग्रज सैन्य. हायलँडरांना ती इंग्रजांची हेर वाटते आणि एक इंग्रज कॅप्टनही तिच्या मागे लागतो. इंग्रज प्रजा म्हणून तो तिला चौकशीला ओढू शकतो. ती स्कॉटिश झाली तर नाही. म्हणून तिचं लग्न जेमी फ्रेझर या तरुण स्कॉटशी लावलं जातं. म्हणजे आधी कायद्याची पळवाट म्हणून लग्न आणि मग हळूहळू प्रेम.

जेमी तिला 'सॅसनॅक' म्हणतो. गेलिकमध्ये इंग्रज माणसाला हा शब्द आहे आणि तो काही कौतुकाने वापरत नाहीत. पण याच शब्दाचं पुढे लाडाचं नाव होतं. हे छापील पानावर मला एवढं जाणवलं नसतं. कानाने ऐकताना शब्द तोच राहतो आणि आवाज मऊ होत जातो. शिवाय गेलिकचं स्पेलिंग एक आणि उच्चार भलताच. अक्षरं लावत वाचलं तर 'स्लेन्टे म्हाथ' होईल, पण पेला उंचावताना लोक म्हणतात 'स्लांज वा'. ही भाषा कानानेच शिकायची.

क्लेअरला पुढचा इतिहास ठाऊक असतो, हे तिचं खरं दुखणं. १७४५ मध्ये राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टच्या बाजूने हायलँडर उठले, पार इंग्लंडमधल्या डर्बीपर्यंत पोचले आणि परत फिरले. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर तासाभराच्या आत सगळं संपलं. त्यांची हजारभराहून जास्त माणसं पडली. तिथे फक्त इंग्रज आणि स्कॉट समोरासमोर नव्हते, हेही मला नंतर वाचून कळलं. सरकारी सैन्यातही बरेच स्कॉट होते. हरलेल्यांची शस्त्रं काढून घेतली आणि त्यांच्या पुरुषांच्या पारंपरिक पोशाखावर बंदी आली. ती १७८२ पर्यंत टिकली, पण सैन्यात तो पोशाख चालत होता.

त्याच सैन्याच्या हायलँडर पलटणी पुढे आपल्याकडे आल्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला, आजच्या जालना जिल्ह्यात, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेसमोर ७४ आणि ७८ क्रमांकाच्या हायलँडर पलटणी उभ्या होत्या. आजोबांच्या पिढीत इंग्रज राजाशी लढलेल्या मुलखातली पोरं त्याच राजासाठी मराठ्यांशी लढली. 'आपले' आणि 'परके' इतक्या लवकर बदलतात, हे वाचून मी बसमध्ये बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

हे सगळं मला का लागलं, तेही सांगते. माझं लग्न धारवाडच्या एका कन्नड मुलाशी ठरलं आहे. आमचे आजोबा सीमालढ्यात तुरुंगात जाऊन आलेले. मी घरी सांगितलं त्या रात्री आई जेवली नाही. आज्जीने एकच विचारलं, "मग आता तू कुणाकडची गं?" मला उत्तर देता आलं नाही. त्याच्या घरीही फार वेगळं नव्हतं. त्याच्या काकांनी महिनाभर त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

कादंबरीत जेमी एकदा क्लेअरला त्या शिळांपाशी परत आणतो. तुझं घर तिकडे आहे, जायचं तर जा, म्हणतो आणि तिला एकटी सोडतो. ती काय करते ते तुम्हीच ऐका. तो भाग ऐकताना मला कळलं की मला कुणीतरी असं विचारायला हवं होतं. त्याच संध्याकाळी मी त्याला म्हटलं, "लग्नानंतर मी घरात मराठीच बोलेन, मुलांशीसुद्धा. चालेल?" तो म्हणाला, "मी कन्नड बोलेन. पोरं दोन्ही शिकतील." मग मी घरी येऊन आज्जीला उत्तर दिलं, "मी तुझीच. पण तिकडचीही होणार." आज्जी काही बोलली नाही. दोन दिवसांनी मात्र तिने विचारलं, "त्यांच्यात आज्जीला काय म्हणतात?" मी म्हटलं, "अज्जी." ती हसली.

आई अजून पूर्ण निवळलेली नाही. पण परवा होणाऱ्या सासूबाईंचा फोन आला. "ऊटा आतेन्री?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा आईने मला न विचारता "झालं, झालं" म्हणून उत्तर दिलं. बेळगावात राहून जेवण झालं का हे न कळणारं कोण आहे?

पुस्तक ऐकणार असाल तर एक सूचना. यात मारहाण, छळ आणि मोठ्यांसाठीचे प्रसंग बरेच आहेत. तेव्हा घरात स्पीकरवर लावू नका आणि लहान भावंडांच्या हाती देऊ नका. एक-दोन ठिकाणी जेमीचं वागणं मलाही पटलं नाही; तिथे मी चिडून पुस्तक दोन दिवस बंद ठेवलं होतं. बाकी लांबच्या प्रवासाला सोबत उत्तम. आणि तुमच्या घरात अशी दोन भाषांची लग्नं झाली असतील, तर मुलं कोणती भाषा बोलतात ते जरूर कळवा. मला ते खरोखर जाणून घ्यायचं आहे.