नौबत, नफीरी आणि सिंगापूरचा सुलतान

मलय राजदरबारातल्या मानाच्या वाद्यताफ्याला ‘नोबात’ म्हणतात. आपली नौबत तीच. अरबी ‘नौबा’ म्हणजे पाळी. राजद्वारी ठरावीक वेळी झडते ती नौबत. ‘उपासमारीची नौबत आली’ यात मराठीने ‘पाळी’ हा जुना अर्थ जपला. मलय भाषेने मात्र फक्त राजेपण उचलले. ताफ्यातली वाद्येही परकी नाहीत: नगारा, सनईच्या कुळातली सेरुनाई आणि सरळ, लांब, बहुधा चांदीची तुतारी, नफीरी.

‘सजारा मलायू’ या मलय बखरीनुसार ही प्रथा बिंतान बेटाच्या राणीने सुरू केली आणि पुढे सिंगापूर वसवणाऱ्या सांग नील उतामाच्या अभिषेकाला नोबात वाजली. नोबात वाजल्याशिवाय राजा पक्का नाही, असा संकेतच पडला. 1819 मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या रॅफल्सला नडला. 6 फेब्रुवारीला त्याने सिंगापुरात गादीचा दावेदार हुसेन याला सुलतान केले खरे, पण नोबातसह राजचिन्हे रियावमधल्या पेन्येंगात बेटावर राजघराण्यातल्या एंकू पुत्री हमीदा हिच्या ताब्यात होती. हुसेनला ती कधीच मिळाली नाहीत. 1822 मध्ये डचांनी ती बळाने नेली आणि पुढे हुसेनच्या सावत्र भावाला, अब्दुल रहमानला गादीवर बसवले. कंपनीच्या तहनाम्यापेक्षा ढोल-तुतारीचे वजन रियावमध्ये जास्त होते.

नफीरीला ना भोके, ना कळा. ओठांनी एक टोक बंद झालेली साधी नळी 1, 3, 5 अशा विषम पटींतच घुमते. पसरट तोंडामुळे खालच्या पट्ट्या वर सरकतात, फुंकणीच्या वाटीमुळे वरच्या खाली येतात, आणि बहुतेक सगळ्या मिळून एका पायाभूत कंपनसंख्येच्या 2, 3, 4, 5 पटींजवळ स्थिरावतात. दुप्पट सा धरला तर तिप्पट प, चौपट तार सा, पाचपट त्यावरचा गंधार. त्या पहिल्या सा आणि प यांच्यामधले रे, ग, म या नळीत नाहीतच. वाजवणाऱ्याने ओठ कितीही आवळले तरी सूर थेट उडीच मारतो. शिंग फुंका वा युरोपातला बिगुल, ललकारीची चाल म्हणूनच इतकी सारखी. इथे कोणी कोणाची नक्कल केलेली नाही.

इंग्रजीतल्या ‘फॅनफेअर’चे मूळही काही जण अरबी ‘नफीर’ (तुतारी) या शब्दाचे अनेकवचन ‘अन्फार’ यात शोधतात. कल्पना मोहक आहे, पुरावा तोकडा. फ्रेंचांनी तुतारीच्या आवाजावरूनच तो शब्द घडवला असावा, हे जास्त पटते. साध्या नळीची ती मधल्या सुरांची उणीव युरोपात पुढे भरून निघाली: 1818 मध्ये श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल यांनी व्हॉल्व्हचे पेटंट घेतले आणि ट्रम्पेटला मधले सगळे सूर मिळाले. मानाच्या सलामीत मात्र आजही बहुतेकदा तीच सा-प-तार सा अशी उडी असते.