पिवळी फुली, लाल फुली : ऑनलाइन कल्पनारम्य खेळाचा पडदा कसा वाचायचा

चंद्रपूरच्या ऊर्जानगरात कुणी ‘फँटसी गेम खेळतो’ म्हणालं, की घरातल्या मोठ्यांना आधी क्रिकेट आठवतं. अकरा खेळाडू निवडा, पैसे लावा, रात्री निकाल बघा. म्हणून त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘किती घालवले?’ पोट्ट्यांच्या डोक्यात वेगळंच चालू असतं. बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्स, विमानातून उडी, बंदूक, शेवटी उरेल तो जिंकला. इथे ज्या खेळाबद्दल लिहितो आहे, तो या दोन्हींत बसत नाही.

कल्पनारम्य रोल-प्लेइंग खेळात आपण एक पात्र घडवतो आणि ते पात्र टिकतं. बीजीएमआयमध्ये सामना संपला की हातातली बंदूक गेली, पुढचा डाव पहिल्यापासून. इथे आज शिकलेलं मासे पकडणं आणि मिळवलेली तलवार दोन वर्षांनी लॉगिन केलं तरी तशीच असते. भोवती त्याच जगात हजारो खरी माणसं आपापली कामं करत फिरत असतात. या प्रकाराचं मूळ १९७४ सालच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या कागद-फाशांच्या खेळात आहे. १९७८ मध्ये इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि पुढे रिचर्ड बार्टल यांनी हा प्रकार संगणकाच्या जाळ्यावर अनेकांनी मिळून खेळण्याजोगा केला. त्या पहिल्या खेळात चित्र नावाला नव्हतं. ‘उत्तरेकडे जा’ असं टाइप करायचं आणि पुढे काय दिसलं ते वाचायचं. आपल्याकडेही या क्षेत्रात काम झालं आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) कल्पनारम्य आहे, पण एकट्यानं खेळायचा. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ ऑनलाइन आहे, पण तो बंदुकांचा.

उदाहरणासाठी ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’ घेऊ. इंग्लंडातल्या केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा मूळ रुनस्केप २००१ सालचा. पुढे तो इतका बदलला की जुन्या खेळाडूंनी मतदानानं २००७ सालची आवृत्ती परत मागितली आणि २०१३ मध्ये ती सुरू झाली. २०१८ पासून तोच खेळ, तेच खातं मोबाइलवरही चालतं. फुकट सुरू करता येतो, साध्या मोबाइलवर चालतो आणि त्याचा पडदा जुन्या वळणाचा असल्यानं शिकायला सोपा आहे.

‘पडद्यावरचं सगळं समजल्याशिवाय सुरुवात करता येत नाही’

हा सगळ्यांत मोठा गैरसमज. निम्मे लोक याच भीतीनं पहिल्या दहा मिनिटांत खेळ काढून टाकतात, असं मला वाटतं. यूट्यूबवर कुणा मुरलेल्या खेळाडूचा व्हिडिओ पाहिला की पडद्यावर पट्ट्या, आकडे, गोल, चौकोन, चॅटच्या ओळी यांची नुसती गर्दी दिसते.

ऊर्जानगरच्या माणसाला खरं तर याची भीती वाटायला नको. आपल्या कॉलनीचा जन्मच चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्रासाठी झाला. आज २,९२० मेगावॅट क्षमतेच्या या केंद्रात डेस्कवर बसणाऱ्या इंजिनिअरसमोर शेकडो आकडे असतात, पण तो सगळे वाचत नाही. ड्रमची पातळी, वाफेचा दाब आणि तापमान, भट्टीतला ड्राफ्ट, लोड, फ्रिक्वेन्सी एवढ्यांवर त्याची नजर फिरत राहते. बाकीचं अलार्म वाजला की बघायचं. अशा पडद्यांची रचना करणाऱ्यांचा एक नियमही आहे : जे ठीक चाललंय ते फिकट ठेवा, बिघडलं तेच रंगात दाखवा. खेळाचा पडदा याच रीतीनं वाचायचा असतो. नेहमी बघायच्या जागा तीन-चार, बाकी सगळं गरजेपुरतं.

ओल्ड स्कूल रुनस्केपच्या संगणकावरच्या जुन्या मांडणीत मोठा भाग जगाचा. खाली डावीकडे चॅट, वर उजवीकडे छोटा गोल नकाशा, त्याच्या कडेला काही गोल आकडे आणि खाली उजवीकडे एक चौकोनी फलक. या फलकाच्या वर सात आणि खाली सात अशी चौदा चित्रं असतात. झोळीचं चित्र दाबलं की सामान दिसतं, एकूण अठ्ठावीस खाने. बाकीच्या चित्रांमागे अंगावरची शस्त्रं, कौशल्यं, मंत्र, प्रार्थना, मित्रांची यादी, सेटिंग वगैरे. मोबाइलवर हीच चित्रं पडद्याच्या कडांना लावलेली असतात.

पण नव्या खेळाडूला ही चौदा चित्रं पहिल्या मिनिटाला दिसतच नाहीत. खेळ सुरू होतो तो शिकवणीच्या बेटावर. तिथे पहिला वाटाड्या सेटिंगचं चित्र उघडायला सांगतो, तेव्हा ते चित्र लुकलुकायला लागतं. पुढची बाई लाकूड तोडायला, जाळ करायला, कोळंबी पकडून भाजायला शिकवते, तेव्हा झोळी आणि कौशल्यांचं चित्र येतं. मग स्वयंपाकी, खाणकाम शिकवणारा, लढाई शिकवणारा, बँकवाला, शेवटी जादू शिकवणारा. एक माणूस, एक काम आणि त्या कामापुरतं चित्र. बेट संपेपर्यंत फलक भरलेला असतो आणि प्रत्येक चित्र कशाचं हे हाताला माहीत झालेलं असतं. तरीही बरेच जण ‘हे काय बालवाडीसारखं’ म्हणत न वाचता दाबत सुटतात. एकदा बेट सोडलं की त्या पात्राला तिथे परतता येत नाही. अर्धा तास जाऊ द्या, वाचून पुढे जा.

लंब्रिज नावाच्या गावात उतरल्यावर नेहमी बघायच्या जागा कोणत्या? पहिली, नकाशाच्या कडेचा प्राणांचा आकडा. सुरुवातीला तो दहा असतो आणि आपोआप मिनिटाला एक या वेगानं भरतो, म्हणजे फार हळू. लढाईत आकडा उतरायला लागला की झोळीतली कोळंबी खायची, तिनं तीन भरतात. दुसरी, धावण्याच्या दमाचा आकडा. तो संपला की पात्र चालायला लागतं आणि नव्या माणसाला वाटतं, गेम हँग झाला. तिसरी, झोळी. अठ्ठावीस खाने भरले की पुढचा मासा हाती येत नाही. सामान बँकेत टाकायचं आणि परतायचं. एवढं बघत राहिलात तरी पहिला आठवडा निभतो.

लढाईतही एक फसगत ठरलेली. मारामारी सुरू झाली की पात्रांच्या अंगावर लाल आणि निळे ठिपके उमटतात. लाल म्हणजे लागलं, आत आकडा किती ते सांगतो. निळा दिसला की अनेकांना तो जादूचा किंवा उपचाराचा वाटतो. निळा म्हणजे शून्य, वार फुकट गेला.

‘बोटं विजेसारखी चालली पाहिजेत’

बंदुकांच्या खेळांत खरं आहे, इथे फारसं नाही. या खेळाचं जग ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालतं. चालणं, मारणं, खाणं, सगळं पुढच्या ठोक्याला नोंदलं जातं. आपण एकदा शत्रूवर दाबलं की पात्र आपलं आपण मारत राहतं. दहा वेळा दाबल्यानं दहा वार होत नाहीत. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’सारख्या वेगवान म्हणवल्या जाणाऱ्या खेळातही एका मंत्रानंतर दुसरा मारायला बहुतेक पात्रांना दीड सेकंद थांबावं लागतं. हात धिमा असेल तर अडत नाही. कुठे दाबलं ते न पाहणं मात्र महागात पडतं.

आणि ते खेळच सांगतो. जमिनीवर दाबलं तर पिवळी फुली उमटते : चाललो. माणूस, झाड, दार, राक्षस यांवर दाबलं तर लाल फुली : काहीतरी करतो आहे. झाड तोडायला सांगितलं आणि पिवळी फुली दिसली, तर बोट झाडाच्या शेजारी पडलं. ‘हा ऐकतच नाही बे’ म्हणून चिडणाऱ्यांपैकी बहुतेकांचं उत्तर या फुलीत असतं.

माऊसचं उजवं बटण दाबलं की त्या वस्तूचं काय काय करता येईल याची यादी उघडते. मोबाइलवर त्यासाठी बोट दाबून धरायचं. डावं बटण यादीतलं पहिलं काम करतं, एवढंच. नवा खेळाडू ही यादी उघडत नाही आणि मग दुकानदाराशी गप्पा मारत बसतो, कारण ‘ट्रेड’ दुसऱ्या ओळीत आहे हे त्याला दिसलेलंच नसतं.

इंग्रजी कच्चं असलं तर? कथा वाचायची असेल तर थोडी दमछाक होते, ते नाकारायचं कारण नाही. पण या यादीतले शब्द मोजकेच : टॉक, टेक, यूज, ड्रॉप, ईट, अटॅक, एग्झामिन. मराठी शाळेतल्या पाचवी-सहावीच्या पोराला ते दोन दिवसांत पाठ होतात.

‘नेट फास्ट पाहिजे, नाहीतर महागडा पीसी’

खेळ उतरवून घेताना डेटा लागतो, हे खरं. ओल्ड स्कूल रुनस्केप मोबाइलवर एक जीबीच्या बराच आत बसतो. मोठ्या चकचकीत खेळांना कित्येक पट जागा लागते. खेळताना मात्र सर्व्हरकडून चित्रं येत नाहीत. ती आपल्या मोबाइलमध्येच असतात. येतात-जातात ते फक्त ‘कोण कुठे उभा आहे, कुणी काय केलं’ असे बारीक निरोप. एक सिनेमा पाहण्यापेक्षा तासभर खेळणं डेटाच्या हिशेबानं स्वस्त पडतं.

महत्त्वाची असते ती निरोप जाऊन परत यायची वेळ, म्हणजे पिंग. इथे फायबर घेतलं की प्रश्न सुटला असं दुकानदार सांगतो, पण अंतराचं काय? फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. चंद्रपूरहून लंडन सरळ रेषेत सात हजार किलोमीटरांहून लांब. जाऊन येऊन चौदा हजार, म्हणजे ७० मिलिसेकंद लागणारच. केबल सरळ जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात जास्त. कितीही पैसे मोजा, ब्रिटनमधल्या सर्व्हरचा पिंग त्याखाली येणार नाही. मात्र ६०० मिलिसेकंदांच्या ठोक्यावर चालणाऱ्या खेळात दीड-दोनशेचा पिंग सहज पचतो. लॉगिनच्या वेळी ‘वर्ल्ड’ची यादी येते, तिच्यात प्रत्येक वर्ल्ड कुठल्या देशात आहे ते दिसतं. जवळचं निवडा आणि सुरुवातीला फुकटवाल्यांचं.

चंद्रपूरच्या मे महिन्यात अडखळण्याचं कारण अनेकदा निराळंच असतं. आयफोनसाठी ॲपलच ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं सांगतं. आपल्याकडे दुपारी पारा ४५ च्या पुढे. मोबाइल तापला की स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवतो, चित्र तुटक होतं आणि शिव्या नेटला बसतात. पात्र जागच्या जागी थबकून मग एकदम पुढे उडालं तर नेट तपासा. सगळं चित्रच संथ चाललं असेल तर मोबाइल चार्जिंगवरून काढून कूलरसमोर ठेवा आणि सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा खाली आणा.

पडद्यावरची एक जागा सांगायची राहिलीच. गोल नकाशाला अनेक जण शोभेची वस्तू समजतात. त्यावर पिवळे ठिपके म्हणजे खेळातली पात्रं, पांढरे म्हणजे खरी माणसं, हिरवे आपले मित्र, लाल म्हणजे जमिनीवर पडलेल्या वस्तू. नकाशावर थेट दाबूनही चालता येतं, जगात टप्प्याटप्प्यानं दाबत जाण्यापेक्षा ते सोपं.

‘चॅटमध्ये पासवर्ड लिहिला तर आपोआप झाकला जातो’

ही थाप रुनस्केपच्या जगात फार जुनी आहे. कुणीतरी म्हणतो, ‘बघ, मी माझा पासवर्ड लिहितो, तुला फुल्या दिसतात ना? आता तू लिही.’ त्यानं हातानंच फुल्या टाइप केलेल्या असतात. दुसरा प्रकार खोट्या डाउनलोडचा. ‘रुनलाइट’ हा जॅगेक्सनं मान्य केलेला क्लायंट, म्हणजे खेळ चालवायचा प्रोग्रॅम आहे, पण त्याच्या नावाच्या बनावट साइट निघतात आणि खातं उचलून नेतात. सामानाची देवाणघेवाण करताना हा खेळ दोन वेळा ‘मान्य’ विचारतो. दुसऱ्या पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचा, पहिल्यावर दिसलेलं सामान तोवर बदललेलं असू शकतं.

पैशांचं थोडक्यात. संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणली आहे. ज्यात डाव लावला जात नाही, अशा खेळासाठी वर्गणी भरणं त्यात बसत नाही. रुनस्केपची सदस्यता ही अशी वर्गणी, आणि फुकटचा भागही महिनोन्महिने पुरतो. खेळातलं सोनं खऱ्या पैशांनी बाहेरून विकत घेणं मात्र खेळाच्या नियमांविरुद्ध आहे, खातं बंद होतं.

राहिला घरोघरी होणाऱ्या भांडणाचा विषय. ‘पॉज कर आणि जेवायला ये.’ ऑनलाइन जगाला पॉज नसतो. आपण उठलो तरी राक्षस मारत राहतो. लढाईत असताना लॉगआउटही होत नाही, ती संपून दहा सेकंद जावे लागतात. वाघ-बिबट्यांमुळे ऊर्जानगरातली पोरं अंधार पडला की घरातच असतात, त्यामुळे ही हाक नेमकी खेळाच्या वेळेला येते. पोरांनी लढाईला भिडायच्या आधी जेवण किती वेळात आहे ते विचारून घ्यावं, वेळ थोडा असेल तर नदीकाठी मासे धरत बसावं. तिथून केव्हाही उठता येतं.