स्कूबा निमज्जन : प्रौढ वयातील शिक्षण

पाठीवरील टाकीतील दाबयुक्त हवेवर श्वसन करीत, नौकेशी अगर किनाऱ्याशी नळीचा संबंध न ठेवता पाण्याखाली संचार करण्याच्या पद्धतीस स्कूबा निमज्जन म्हणतात. ‘पाण्याखाली वापरावयाचे स्वयंपूर्ण श्वसन-साधन’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दसमूहाच्या आद्याक्षरांपासून ‘स्कूबा’ ही संज्ञा बनली आहे. फ्रेंच नौदल अधिकारी झाक ईव्ह कूस्तो व अभियंता एमील गान्यां यांनी १९४३ मध्ये श्वासाच्या मागणीनुसार हवा पुरविणारी झडप सिद्ध केली. सध्याची साधने याच तत्त्वावर चालतात. टाकीत प्राणवायू भरलेला असतो, असा सार्वत्रिक समज आहे; तो बरोबर नाही. टाकीत नेहमीची हवाच सु. २०० वातावरण दाबाखाली भरलेली असते. शुद्ध प्राणवायू सु. ६ मी. पेक्षा अधिक खोलीवर शरीरास विषारी ठरतो.

हौशी निमज्जनाचे शिक्षण देणाऱ्या प्रमुख आंतरराष्ट्रीय संघटनांनी सामान्यतः किमान वयाची अट १० वर्षे ठेवली आहे. कमाल वयाची अट मात्र नाही. त्यामुळे पन्नाशी वा साठी उलटल्यावर ही विद्या शिकू इच्छिणाऱ्या व्यक्तीस ‘वय किती?’ या प्रश्नापेक्षा ‘हृदय, फुप्फुसे व कान कसे आहेत?’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो.

पेण-रोहा परिसरातील परिस्थिती : रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील पेण व रोहा ही गावे समुद्रापासून दूर नसली, तरी खुल्या किनाऱ्यावर वसलेली नाहीत. पेण भोगावती नदीकाठी असून धरमतरची खाडी तेथून जवळ आहे. रोहा कुंडलिका नदीकाठी असून ही नदी रेवदंड्याजवळ समुद्रास मिळते. दोन्ही खाड्यांत भरती-ओहोटीच्या प्रवाहांनी गाळ सतत ढवळला जातो व पाणी गढूळ राहते. अशा पाण्यात नवशिक्यास आपला शिक्षक वा दाबमापकावरील आकडे दिसणे कठीण असते. रोह्याच्या वरच्या बाजूस कोलाड येथे भिरा जलविद्युत् केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर नौकाविहाराचा साहसी खेळ चालतो. परंतु ते पाणी वेगवान असून निमज्जनाच्या उपयोगाचे नाही.

या भागातील प्रौढ पिढीत अनेकजण लहानपणी नदीत वा विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून पोहावयास शिकले. ही पूर्वतयारी उपयुक्त आहे. मात्र पोहणारा पाण्याखाली श्वास रोखतो, तर स्कूबाधारकाने श्वास कधीही रोखावयाचा नसतो. या एका फरकामुळे चांगल्या पोहणाऱ्यासही आपली जुनी सवय मोडावी लागते.

दाबाचा परिणाम : समुद्राच्या पाण्यात दर १० मी. खोलीस सु. एक वातावरण इतका दाब वाढतो. बॉइल यांच्या नियमानुसार पृष्ठभागावरील हवेचे आकारमान १० मी. खोलीवर निम्मे, २० मी. वर एक-तृतीयांश व ३० मी. वर एक-चतुर्थांश होते. वर येताना याच्या उलट घडते. १० मी. खोलीवर फुप्फुसे भरून घेऊन श्वास रोखून वर आल्यास आतील हवा दुप्पट जागा मागते व फुप्फुस फाटू शकते. म्हणून सावकाश व अखंड श्वसन हा या विद्येचा पहिला नियम होय. प्राणायामाचा अभ्यास असलेल्या प्रौढांना दीर्घ पूरक-रेचकाचा लाभ होतो. कुंभक मात्र पाण्याखाली पूर्णपणे वर्ज्य समजावा.

कानाच्या पडद्यामागील पोकळीतही दाबाचा समतोल साधावा लागतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकल्यास घशातून कानाकडे जाणारी नलिका उघडते. ही क्रिया कान दुखू लागण्यापूर्वीच, दर मीटरभर उतरताना करावी. पडसे असताना पाण्यात उतरू नये.

दाबाखाली घेतलेल्या हवेतील नायट्रोजन रक्तात व ऊतकांत विरघळतो. झपाट्याने वर आल्यास, सोड्याच्या बाटलीचे बूच काढावे त्याप्रमाणे, त्याचे बुडबुडे सुटतात आणि सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत विकार उद्‌भवतात. त्यासाठी मिनिटास ९ मी. पेक्षा अधिक वेगाने वर न येणे व सु. ५ मी. खोलीवर तीन मिनिटे थांबणे, ही पद्धत रूढ आहे. वाढते वय व स्थूलता यांमुळे हा धोका काहीसा वाढतो. एका निमज्जनानंतर किमान १२ तास व अनेक निमज्जनांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा. घाट चढून देशावर जाणाऱ्यांनीही अशीच विश्रांती घ्यावी.

वैद्यकीय पात्रता : शरीर पाण्यात बुडताच हातापायांतील रक्त छातीकडे सरकते व हृदयावरील भार वाढतो. त्यात प्रवाहाविरुद्ध पोहण्याचे श्रम व मनावरील ताण यांची भर पडते. प्रौढ वयातील निमज्जनात होणाऱ्या मृत्यूंमध्ये हृदयविकाराचा वाटा मोठा आहे. उच्च रक्तदाब असलेल्या प्रौढांत, केवळ पाण्यात असण्यामुळे फुप्फुसांत द्रव साचण्याचा विकारही आढळतो.

प्रवेशापूर्वी उमेदवारास एक प्रश्नावली भरावी लागते. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०२० मध्ये सुधारलेल्या या प्रश्नावलीत ४५ वर्षांवरील व्यक्तींसाठी स्वतंत्र प्रश्न आहेत. धूम्रपान, उच्च रक्तदाब, रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल किंवा कुटुंबात अल्पवयात झालेला हृदयविकार यांपैकी काही असल्यास वैद्याचे अनुमतिपत्र आवश्यक ठरते. १·६ किमी. अंतर १४ मिनिटांत चालणे वा २०० मी. अंतर न थांबता पोहणे कष्टाचे जाते का, असाही एक प्रश्न तीत आहे. ही चाचणी कोणासही आपल्या गावच्या रस्त्यावर आधीच घेता येते. दमा, मधुमेह, कानाची शस्त्रक्रिया आणि हृदयाची गती मंदावणारी औषधे यांचा उल्लेख न चुकता करावा.

येथे माहिती लपविण्याचा मोह होतो. जर्मन चित्रपट-दिग्दर्शिका लेनी रीफेनश्टाल (१९०२–२००३) या नाझी राजवटीसाठी केलेल्या प्रचारपटांमुळे वादग्रस्त ठरल्या. त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर, आपले वय वीस वर्षांनी कमी सांगून, हे शिक्षण घेतले. पुढे त्यांची समुद्राखालील छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि २००२ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांचा सागरतळावरील अनुबोधपटही प्रदर्शित झाला. या उदाहरणावरून उतारवयातही हे कौशल्य आत्मसात होते, हे दिसते. मात्र वय लपविल्याने फार तर नोंदवहीतील आकडा बदलतो. लपविलेला आजार पाण्याखाली प्रकट होतो व त्याची झळ सोबत्यासही लागते, कारण स्कूबा निमज्जन नेहमी जोडीने केले जाते.

शिक्षणक्रम : प्राथमिक शिक्षणक्रमाचे तीन भाग असतात : तात्त्विक अभ्यास, तलावातील सराव व खुल्या पाण्यातील निमज्जने. सर्वाधिक प्रचलित शिक्षणक्रमात २०० मी. पोहणे (वेळेचे बंधन नाही) व १० मिनिटे तरंगत राहणे अपेक्षित असते. खुल्या पाण्यातील चार निमज्जने पूर्ण केल्यावर १८ मी. खोलीपर्यंत सोबत्यासह उतरण्याचे प्रमाणपत्र मिळते. मुखवट्यात शिरलेले पाणी नाकाने हवा सोडून बाहेर काढणे, तोंडातून निसटलेला श्वसननियंत्रक शोधून पुन्हा लावणे, हवा संपल्यास सोबत्याच्या टाकीवर श्वसन करीत वर येणे, ही कौशल्ये पुनःपुन्हा घोटून घेतात. प्रौढ नवशिक्यास बहुधा मुखवट्यातील पाण्याची भीती अधिक वाटते. तिच्यावर उपाय म्हणजे उथळ पाण्यातील अधिक सराव होय. तीन-चार दिवसांत उरकणारा क्रम आठवड्यावर पसरला, तरी त्यात कमीपणा नाही.

काही अडचणी किरकोळ असल्या, तरी आधी माहीत असाव्यात. चाळिशी लागलेल्यांना दाबमापक वाचण्यासाठी भिंगयुक्त मुखवटा मिळतो. श्वसननियंत्रक दातांनी धरावयाचा असल्याने कवळी वापरणाऱ्यांनी दंतवैद्याचा सल्ला घ्यावा. जमिनीवर सर्व साधनांचे वजन जाणवण्याइतके असते. गुडघे वा पाठ दुखत असल्यास ती पाण्यात उतरल्यावर चढवून देण्याची विनंती शिक्षकास करावी. पाण्यात हा भार जवळजवळ नाहीसा होतो. चालताना कुरकुरणाऱ्या सांध्यांना तेथे आराम वाटतो, ही प्रौढांच्या दृष्टीने या विद्येची मोठी जमेची बाजू आहे.

शिक्षणाची ठिकाणे : महाराष्ट्रात स्कूबा निमज्जन मुख्यत्वे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण परिसरात चालते. येथील सागरी क्षेत्रास १९८७ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. जवळच तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने २०१५ मध्ये प्रशिक्षण संस्था सुरू केली. कोकण रेल्वेचे उत्तर टोक रोहा येथे असल्याने, या भागातील रहिवाशांना रेल्वेने कुडाळ वा सिंधुदुर्ग स्थानकावर उतरून पुढे मालवणला जाता येते. गोवा, कर्नाटकातील नेत्राणी बेट, लक्षद्वीप व अंदमान येथेही शिक्षण मिळते. पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हे महिने निमज्जनास वर्ज्य असतात.

मालवण येथे पर्यटकांसाठी होणारे अल्पकालीन निमज्जन व वर वर्णिलेले शिक्षण यांत भेद केला पाहिजे. पहिल्यात मार्गदर्शक पर्यटकास धरून नेतो व साधनांचे नियंत्रणही त्याच्याच हाती असते. ती समुद्रतळाची ओळख होय. त्यामुळे कोणी निमज्जक होत नाही. दाबाचे नियम मात्र दोघांनाही सारखेच लागू असल्याने, आरोग्याची प्रश्नावली अशा प्रसंगीही प्रामाणिकपणे भरणे आवश्यक आहे.

पेण-रोह्याच्या प्रौढ रहिवाशास या शिक्षणाचा आरंभ गावातच करता येतो : वैद्यकीय तपासणी, रोजचे झपाझप चालणे आणि पोहण्याचा पुन्हा सराव. एवढी तयारी करून, आणि एखाद्या दिवशी प्रकृती साथ देत नसल्यास पाण्यात न उतरण्याची तयारी ठेवून, मालवणला जाणाऱ्या प्रौढ व्यक्तीस हे शिक्षण तरुणाइतकेच साध्य आहे.