हीला : वाळवंटांतील विषधर सरडा

सापाच्या विषाच्या कथा आपल्याकडे घरोघर ठाऊक आहेत. परंतु सरड्यांच्या कुळांतही खरोखरीचा विषधर आहे, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. परसांत सापसुरळी दिसली कीं मुलें ओरडत घरांत पळतात व वडील माणसें काठी शोधूं लागतात. वास्तविक ती बिचारी अगदीं निरुपद्रवी! ज्याच्या दंशानें मनुष्याच्या जिवास धोका पोहोंचावा असा एकही सरडा भारतांत नाहीं. तसा पाहावयाचा तर अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील आरिझोना संस्थान व त्यास लागून असलेला मेक्सिकोचा सोनोरा प्रांत येथील वाळवंटांत गेलें पाहिजे. तेथील हीला नदीवरून या प्राण्यास ‘हीला राक्षस’ असें नांव पडलें आहे.

राक्षस हें नांव मात्र त्याच्या आकारास शोभत नाहीं. त्याची लांबी शेंपटीसुद्धां दीड-पावणेदोन फुटांपलीकडे क्वचितच जाते. अंग मांसल, पाय आंखूड आणि चाल मंद. काळ्या कातडीवर नारिंगी अथवा गुलाबी पट्टे असून पाठीवर मण्यांसारखे वाटोळे खवले असतात, व त्यांच्या खालीं हाडाचे बारीक तुकडे बसविलेले असतात. १८६९ सालीं एडवर्ड ड्रिंकर कोप या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानें या जातीचें वर्णन केलें. दांतांवरील खोबणी पाहून हा प्राणी विषारी असावा असा त्यास संशय आला, आणि तो संशयच ‘हेलोडर्मा सस्पेक्टम’ या शास्त्रीय नांवांत कायमचा राहून गेला.

सापाच्या विषग्रंथि वरच्या जबड्यांत असतात; हीलाच्या खालच्या जबड्यांत. नागाचे विषदंत पोकळ असल्यामुळें तो पिचकारीनें सोडावें तसें विष आंत घालतो. हीलाजवळ असें साधन नाहीं. त्याचें विष लाळेबरोबर दांतांच्या खोबणींतून झिरपतें. म्हणून एकदां धरलेलें तो सहजासहजीं सोडीत नाहीं, चावीतच राहतो. त्या दंशाच्या वेदना असह्य असतात. सूज येते, वांत्या होतात व रक्तदाब उतरतो. त्यावर प्रतिविष उपलब्ध नाहीं. तथापि मृत्यु अत्यंत विरळा. १९३० नंतर अमेरिकेंत असा मृत्यु नोंदला गेला तो एकदम २०२४ च्या फेब्रुवारींत, कोलोराडो संस्थानांत. आणि तोही रानांत नव्हे, तर हौसेनें घरीं पाळलेल्या हीलाच्या दंशानें.

मग हें विष कशासाठीं? शिकारीसाठीं म्हणावें, तर याचें अन्न म्हणजे पक्ष्यांचीं व कांसवांचीं अंडीं, घरट्यांतील पिलें, सशांचीं व उंदरांचीं कोवळीं बाळें. त्यांस मारण्यास विष कशाला हवें? तेव्हां तें मुख्यतः आत्मरक्षणाकरितांच असावें, असें शास्त्रज्ञ मानतात. ज्याला पळतां येत नाहीं, त्याला निसर्गानें दुसरें शस्त्र दिलें इतकेंच.

याची गृहव्यवस्था एखाद्या काटकसरी संसारी माणसास साजेशी आहे. वर्षांतील बहुतेक काळ तो बिळांत किंवा खडकांच्या कपारींत पडून असतो. वसंतांत बाहेर पडला कीं एकाच बैठकींत स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकें अन्न गिळूं शकतो, त्यांतील चरबी शेंपटींत सांठवितो, आणि पुढें कित्येक महिने त्या शिदोरीवर काढतो. पाण्याचा सांठा तो मूत्राशयांत ठेवतो व तहानेच्या दिवसांत तेथूनच परत घेतो. मादी पावसाळ्याच्या सुमारास जमिनींत थोडींच अंडीं घालते. तीं शरदांत फुटतात, पण पिलें बाहेर येण्याची घाई करीत नाहींत. पुढील उन्हाळ्यापर्यंत तीं भुईंतच राहतात.

परंतु या ‘राक्षसा’ची खरी नवलकथा पुढेंच आहे. १९९२ सालीं न्यूयॉर्क येथील डॉ. जॉन एंग यांनीं त्याच्या विषांतून ‘एक्सेंडिन-४’ नांवाचा पदार्थ वेगळा काढल्याचें प्रसिद्ध केलें. मनुष्याच्या आंतड्यांत जेवणानंतर एक संप्रेरक उत्पन्न होतें. तें स्वादुपिंडास इन्शुलिन सोडण्यास उद्युक्त करतें, पण कांहीं मिनिटांतच नाश पावतें. एक्सेंडिन-४ तेंच कार्य करतें, मात्र कितीतरी अधिक वेळ टिकतें. त्याच्या कृत्रिम प्रतिकृतीस, म्हणजे एक्सेनाटाइडला, २००५ सालीं अमेरिकेंत मधुमेहावरील औषध म्हणून मान्यता मिळाली. या गटांतील तें पहिलें औषध होय. पुढील औषधांचा मार्ग त्यानेंच मोकळा केला. ज्या घरांत मधुमेहानें ठाण मांडलें आहे, त्यांस या शोधाचें मोल वेगळें सांगावयास नको.

याच प्राण्यास लोक पूर्वीं दिसतांक्षणीं ठार करीत. त्याचा श्वासही विषारी असतो, अशी समजूत होती. १९५२ सालीं आरिझोनानें त्यास कायद्याचें संरक्षण दिलें. तरी वाढतीं शहरें व रस्ते त्याच्या भूमीचा घांस घेतच आहेत. एंग यांच्या शोधापूर्वींच ही जात नष्ट झाली असती, तर आपण काय गमावलें हें आपणांस कळलेंही नसतें. यास्तव परसांतल्या सापसुरळीवर काठी उगारण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, हें बरें. भीतीपोटीं ज्याला आपण राक्षस ठरवितों, त्याच्यापाशीं आपल्याच उपयोगाचें कांहीं असूं शकेल.